पडद्यावरचं गवत

आमच्या यंत्राच्या पडद्यावर तळाशी जे हलत राहतं
त्याला आम्ही गवत म्हणतो.
रिकाम्या हवेचा आवाज. बोटभर उंच.
आसोला खुर्दच्या शिवारात शिरलो
तेव्हा ते कमरेएवढं माजलं होतं.

तक्रार तीन टॉवरची :
फोन लागतो, माणूस ऐकू येत नाही.
शेलूहून एकशे आठला केलेला फोन
तीनदा तुटला, अशी नोंद.
बाळंतीण शेवटी ट्रॅक्टरवर गेली.
पुढचं तक्रारीत नाही.

रज्जाकभाई गाडी हाकतो, मी अँटेना फिरवते.
नाल्याच्या पुलावरून एक रेघ,
जिनिंगच्या फाटकापासून दुसरी,
नकाशावर दोन्ही जिथं कापतात
तिथं एक घर, बाजूला पऱ्हाट्यांचा ढीग,
ढिगातून वर आलेला बांबू
आणि बांबूच्या टोकाला
माशाचा काटा बांधावा तशी अँटेना.

कौतिकाबाई ढवळे दारातच उभ्या.
"पंचायतीतल्या हाये का?"
नाही, वायरलेसच्या.
"मंग चहा घ्या."

देवळीत बूस्टर. अमरावतीहून आणलेला, अठ्ठावीसशेचा.
हिरवा दिवा डोळा न मिटता जळणारा.
"पोरगं जहाजावर हाये. भांडे घासते का इंजन पुसते,
मले सांगत नाही. दहा-बारा दिवसानं फोन येते.
थो आला आन् रेंज नसली तं?"

मी समजावू लागले.
जिनेव्हा म्हणून एक गाव आहे, बाई.
तीन-चार वर्षांनी तिथं जगभरातली माणसं जमतात,
महिनाभर बसतात,
न दिसणाऱ्या जमिनीची वाटणी करतात :
विमानाला एवढी, उपग्रहाला एवढी,
हवामानाच्या फुग्यालासुद्धा एक पट्टी.
भांडणं होतात ती तळटिपांवर.
एका ओळीसाठी पहाटेपर्यंत जागतात,
कारण रोह्याच्या कळपाला कळत नाही
तसा लाटेलाही धुरा कळत नाही.

"आमचा निळकंठ हेच सांगे," ती मधेच म्हणाली.
"जहाजावर सोळा नंबर म्हणून एक वाट हाये.
साऱ्या देशाईनं मोकळी ठेवली.
तिच्यावर गप्पा नाही मारत कोणी.
कान मातर सारे देतेत.
कोणी बुडत असन तं त्यानं बोलाव."

मग ती बांबूकडे बघत राहिली, बराच वेळ.
चहावर साय धरली.
"म्हंजे मी सोळा नंबरावर बसली."

नाही, मी सांगणार होते,
तो पट्टा वेगळा, हा नऊशे मेगाहर्ट्झचा,
पण तिनं पिन उपटली होती.

गाडीतल्या पडद्यावर गवत बसलं,
गाय बसते तसं,
आधी पुढून, मग मागून.
रज्जाकभाईचा फोन वाजला. गल्लीत आणखी दोन.
तिच्या हातातला नाही.
घर खोलगट, भिंती दीड हाताच्या,
आता तिथं कायद्यानुसार शून्य दांड्या.

पंचनामा. बूस्टर : एक.
अँटेना : एक, बारा काड्यांची, बांबूसह.
वायर : अंदाजे वीस मीटर.
कारणाच्या रकान्यात 'अज्ञान' लिहायची पद्धत आहे.
मी तेच लिहिलं.
जे मला तिनं शिकवलं होतं
त्याला रकाना नव्हता.

निघालो तेव्हा ती म्हसोबाच्या टेकाडाकडे चालली होती,
फोन पदरात गाठ मारून,
बसायला एक रिकामं पोतं घेऊन.
वर एक दांडी येते म्हणे, संध्याकाळी कधी दोन.

सोडू का वरपर्यंत, रज्जाकभाईनं विचारलं.
मी मागे पाहिलं.
गाडीत जागा नव्हती.
मागच्या सीटवर तिचा बांबू आडवा पडला होता,
एक टोक खिडकीबाहेर,
काड्या वाऱ्यानं हलत असलेल्या.